न्यायमूर्तींची क्षमायाचना

न्यायासनावर बसणारा मनुष्य दुसऱ्यांच्या अपराधांचा निवाडा करतो. परंतु निवाडा देताना त्याच्याच हातून अपराध घडला, तर त्याचा निवाडा कोणी करावयाचा? सुमारे सव्वातीनशे वर्षांपूर्वी अमेरिकेतील बॉस्टन नगरात एका न्यायाधीशापुढे हा प्रश्न उभा राहिला. कोणी त्यांना जाब विचारला नव्हता; कोणी त्यांच्यावर खटलाही भरला नव्हता. राज्यात त्यांचा मान होता, घरात संपत्ती होती. गप्प राहिले असते तर त्यांचे काहीच बिघडले नसते. तरीही ते गप्प राहिले नाहीत. त्यांचे नाव सॅम्युएल स्यूअल.

सॅम्युएल स्यूअल यांचा जन्म इ. स. १६५२ च्या मार्च महिन्याच्या २८ तारखेस इंग्लंडमधील हँपशायर परगण्यात बिशपस्टोक या गावी झाला. ते नऊ वर्षांचे असताना त्यांचे कुटुंब अटलांटिक महासागर ओलांडून अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स या इंग्रज वसाहतीत आले व न्यूबरी या गावी स्थायिक झाले. ही वसाहत प्युरिटन पंथाच्या ख्रिस्ती लोकांनी वसविली होती. या लोकांची राहणी अत्यंत साधी व धर्मनिष्ठा अत्यंत कडक. आपल्या प्रत्येक कृत्याकडे ईश्वराची दृष्टी आहे आणि आपल्या घरावर येणाऱ्या सुखदुःखांतून तो आपल्याशी बोलत असतो, अशी त्यांची दृढ समजूत होती. ते नाताळचा सणसुद्धा पाळीत नसत. त्या दिवशी दुकाने उघडी असत आणि माणसे नेहमीप्रमाणे कामाला लागत.

हुशार मुलाने धर्मोपदेशक व्हावे, अशी त्या काळची रीत. त्याप्रमाणे सॅम्युएल हार्वर्ड महाविद्यालयात गेले व इ. स. १६७१ मध्ये पदवीधर झाले. पण धर्मपीठापेक्षा संसाराने त्यांना आधी गाठले. इ. स. १६७६ मध्ये त्यांचा विवाह हॅना हल या मुलीशी झाला. हॅनाचे वडील जॉन हल हे वसाहतीच्या टांकसाळीचे प्रमुख. पाइन वृक्षाचे चित्र असलेली चांदीची शिलिंग नाणी तेच पाडीत. विवाहाच्या वेळी वधूला तराजूच्या एका पारड्यात बसवून दुसऱ्या पारड्यात तिच्या वजनाइतकी नाणी घातली व ती जावयाला दिली, अशी एक मौजेची गोष्ट पुढे एका कथाकाराने रंगविली. ती गोष्ट खरी मानण्याचे कारण नाही. मात्र सासऱ्यांच्या आधाराने स्यूअल यांचा व्यापारात चांगला जम बसला, हे खरे. काही वर्षे त्यांनी बॉस्टनच्या छापखान्याची व्यवस्था पाहिली. पुढे ते राज्यपालांच्या सल्लागार मंडळाचे सभासद झाले.

स्यूअल यांना रोजनिशी लिहिण्याची सवय होती. विशीत असताना सुरू केलेली ही रोजनिशी त्यांनी पन्नासांहून अधिक वर्षे चालविली. तीत राजकारण आहे, हवापाणी आहे, शेजाऱ्यांची आजारपणे आहेत आणि घरातले जेवणही आहे. इ. स. १६८६ च्या जानेवारीत बॉस्टनला अशी थंडी पडली की, प्रभुभोजनाची भाकर गोठून गेली आणि तिचे तुकडे ताटल्यांत पडताना खडखड वाजले, अशी नोंद त्यांनी करून ठेवली आहे. हॅना व सॅम्युएल यांना चौदा अपत्ये झाली. त्यांपैकी निम्म्याहून अधिक बालपणीच दगावली. त्या मृत्यूंच्या नोंदीही त्याच वहीत आहेत. मनुष्य कसा होता हे समजण्यास अशी वही फार उपयोगी पडते, कारण तीत तो आपली बाजू सजवून मांडीत नाही.

आता आपण इ. स. १६९२ या सालाकडे वळू. बॉस्टनच्या उत्तरेस थोड्या अंतरावर सेलम नावाचे बंदर होते व त्याला लागून सेलम खेडे होते. त्या खेड्यातील पाळकांच्या घरी हिवाळ्यात एक विचित्र प्रकार सुरू झाला. त्यांची नऊ वर्षांची मुलगी व अकरा वर्षांची भाची यांना झटके येऊ लागले. त्या किंचाळत, अंग वेडेवाकडे करीत, कोणी तरी आपल्याला टोचते आहे असे म्हणत. वैद्याचे उपाय चालेनात, तेव्हा हे चेटूक असले पाहिजे असा निष्कर्ष निघाला. गावातील आणखी काही मुलींनाही असेच झटके येऊ लागले. चेटूक कोण करते, असे मोठ्या माणसांनी मुलींना पुन्हा पुन्हा विचारले आणि मुलींनी नावे सांगितली. पहिली नावे होती पाळकांच्या घरातील एका गुलाम स्त्रीचे, एका भिकारणीचे व एका आजारी बाईचे. ज्यांच्या बाजूने बोलणारे कोणी नव्हते, अशांचीच ही नावे होती.

पण आग तेवढ्यावर विझली नाही. नावांमागून नावे निघू लागली. शेजारी शेजाऱ्याकडे बोट दाखवू लागला. जुनी भांडणे, शेतांच्या हद्दींचे तंटे, मेलेल्या गुराढोरांचा राग, सारे काही चेटकाच्या नावाखाली बाहेर आले. शे-दीडशेहून अधिक माणसे तुरुंगात पडली. त्या भिकारणीची मुलगी अवघी चार-पाच वर्षांची होती. तिच्याही पायांत बेड्या पडल्या.

या खटल्यांसाठी राज्यपाल विल्यम फिप्स यांनी मे महिन्यात एक खास न्यायालय नेमले. त्यावर नऊ न्यायाधीश होते व विल्यम स्टॉटन हे प्रमुख होते. नऊ जणांत चाळीस वर्षांचे सॅम्युएल स्यूअलही होते. यांपैकी कोणीही कायद्याचे रीतसर शिक्षण घेतलेले नव्हते. परंतु खरी अडचण त्याहून मोठी होती. आरोपीचे भूत, म्हणजे त्याची छायारूप आकृती, आपल्याला छळते असे त्या मुली सांगत आणि न्यायालय तो पुरावा म्हणून मान्य करी. ती आकृती दुसऱ्या कोणाला दिसत नसे. आरोपी त्या वेळी दोन कोसांवर आपल्या घरी झोपला होता असे सिद्ध झाले तरी त्याचा उपयोग नसे, कारण छळणारी त्याची छाया होती! अशा आरोपाला कोणता मनुष्य उत्तर देऊ शकेल?

आणखी एक विपरीत गोष्ट होती. आपण चेटूक केले अशी खोटी कबुली जो देई, त्याचा जीव वाचे. आपण निर्दोष आहोत असे जो ठामपणे सांगे, तो फासावर जाई. खोटे बोलून जगावे की खरे बोलून मरावे, एवढाच प्रश्न त्या माणसांपुढे उरला. त्यांची ख्रिस्ती श्रद्धा त्यांना शपथेवर खोटे बोलू देईना. म्हणजे ज्या धर्माच्या नावाने न्यायालय चालले होते, त्या धर्माला जे अधिक जागले तेच मेले.

रेबेका नर्स या सत्तरी ओलांडलेल्या, कानांनी मंद झालेल्या, देवभोळ्या आजीबाई होत्या. त्यांच्या चांगुलपणाबद्दल एकोणचाळीस शेजाऱ्यांनी सह्या करून अर्ज दिला. पंचांनी प्रथम त्यांना निर्दोष ठरविले. तेव्हा त्या मुलींनी आरडाओरडा केला, प्रमुख न्यायाधीशांनी पंचांना पुन्हा विचार करण्यास सांगितले आणि निकाल फिरला. जुलैच्या १९ तारखेस त्यांना फाशी झाली. ऑगस्टमध्ये जॉर्ज बरोज या माजी पाळकांची पाळी आली. हे हार्वर्डचेच पदवीधर होते. चेटूक करणाऱ्याला प्रभूची प्रार्थना न चुकता म्हणता येत नाही, असा लोकांचा समज होता. बरोज यांनी फासाखाली उभे राहून ती प्रार्थना एकही अक्षर न चुकता म्हटली. जमावाच्या डोळ्यांना पाणी आले. तरीही फाशी थांबली नाही. स्यूअल यांनी त्या दिवशी आपल्या रोजनिशीत काय लिहावे? बरोज यांच्या प्रार्थनेने अविचारी माणसांची मने हालली, असे त्यांनी लिहिले. आपले मन हालले नाही, याचा त्यांना त्या वेळी अभिमानच वाटत असावा.

सप्टेंबरमध्ये रेबेका नर्स यांची बहीण मेरी ईस्टी यांनी न्यायाधीशांकडे एक अर्ज पाठविला. मला मरावयाचे आहे हे मी जाणते, माझ्या जिवासाठी मी विनंती करीत नाही, परंतु यापुढे तरी निरपराध रक्त सांडू नये म्हणून आपण अधिक काळजीने तपास करावा, अशा आशयाचा तो अर्ज होता. २२ सप्टेंबरला आणखी सात जणांबरोबर त्यांनाही फाशी देण्यात आले. त्या चार महिन्यांत एकंदर १९ माणसे फासावर गेली. ऐंशीच्या घरातील एक शेतकरी आरोपाला उत्तर देण्याचे नाकारीत राहिला, म्हणून त्याच्या छातीवर दगड रचून त्याला मारण्यात आले. आणखी काही माणसे तुरुंगातच मरण पावली.

या साऱ्या काळात स्यूअल न्यायासनावर बसून होते. त्यांचे एक सहकारी नॅथॅनिएल सॉल्टनस्टॉल हे पहिल्या फाशीनंतर न्यायालय सोडून गेले. तेव्हा मार्ग नव्हता असे म्हणता येत नाही. मार्ग होता, पण स्यूअल त्या मार्गाने गेले नाहीत. ते दुष्ट होते काय? मुळीच नाही. बॉस्टनमधील त्यांचे मित्र कॅप्टन जॉन ऑल्डन यांच्यावर चेटकाचा आरोप आला, तेव्हा ते ऑल्डन यांच्या घरी जाऊन प्रार्थनेत सामील झाले होते. ते मायाळू होते, धार्मिक होते. परंतु आजूबाजूचे सगळे एका दिशेने धावत असताना थांबून विचार करणे त्यांना जमले नाही. भल्या माणसांच्या हातून घडणारी मोठी पापे पुष्कळदा अशीच घडतात.

ऑक्टोबरमध्ये बॉस्टनच्या वजनदार धर्मोपदेशकांनीच छायारूपाच्या पुराव्यावर आक्षेप घेतला. महिनाअखेर राज्यपालांनी ते न्यायालय बरखास्त केले. पुढील जानेवारीत नव्या वरिष्ठ न्यायालयापुढे उरलेले खटले चालले, त्यावरही स्यूअल होते. परंतु छायेचा पुरावा आता चालेना, म्हणून जवळजवळ सगळेच आरोपी सुटले. तिघांना दोषी ठरविण्यात आले व त्यांनाही राज्यपालांनी फाशीतून वाचविले. निर्दोष सुटलेल्यांनासुद्धा तुरुंगातील खाण्यापिण्याचा व बेड्यांचा खर्च भरल्याशिवाय बाहेर पडता येत नव्हते, हे येथे सांगितले पाहिजे. कित्येक कुटुंबांची गुरेढोरे व शेते गेली ती गेलीच.

यानंतर सारे शांत झाले. फार शांत झाले. जे घडले त्याविषयी कोणी उघडपणे बोलेना. स्यूअल यांचे मन मात्र स्वस्थ नव्हते. त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये त्यांनी केलेल्या एका प्रार्थनेची नोंद आहे. आपल्या चुकांची क्षमा त्यांनी मागितली खरी. पण त्याबरोबरच ईश्वराच्या न्यायाला व पावित्र्याला बाध येत नसेल तर न्यायाधीशांची बाजूही राखली जावी, असे मागणे मागितले. पश्चात्तापाची ही पहिली पायरी होती. मनुष्य चुकलो म्हणतो, परंतु त्याच श्वासात आपला बचावही करू पाहतो. पुढील उन्हाळ्यात ते सुटून आलेल्या ऑल्डन यांच्या घरी गेले व त्यांना झालेल्या कष्टांबद्दल आपल्याला दुःख झाले असे सांगून आले. हे शेजाऱ्याच्या सांत्वनासारखे होते. त्यात त्या कष्टांना आपण किती कारण झालो, याचा उल्लेख नव्हता.

चार वर्षे अशी गेली. वसाहतीवर संकटे येत होती. युद्ध चालले होते, पिके बुडत होती. स्यूअल यांच्या घरीही दुःख आले. इ. स. १६९६ च्या मे महिन्यात त्यांचा एक मुलगा मृतावस्थेतच जन्मला. डिसेंबरच्या २३ तारखेस त्यांची दोन वर्षांची मुलगी सारा दाईच्या मांडीवर मरण पावली. आपण तिच्याशी याहून अधिक ममतेने वागावयास हवे होते, अशी खंत त्यांना लागून राहिली.

दुसऱ्या दिवशी घरात साराचे शव असतानाच नेहमीचे बायबल-वाचन झाले. थोरला मुलगा सॅम याने वडिलांपुढे मत्तयच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायातील काही वचने लॅटिनमध्ये म्हणून दाखविली. त्यांत सातवे वचन होते. ईश्वराला यज्ञबलीपेक्षा दया अधिक प्रिय आहे, याचा अर्थ ज्यांना कळला असता त्यांनी निर्दोष माणसांना दोषी ठरविले नसते, असा त्या वचनाचा आशय. मुलगा सहज वाचीत होता. बापाच्या काळजाचा मात्र ठाव सुटला. सेलमचे ते दुःखद प्रकरण भयंकर रीतीने आपल्या डोळ्यांपुढे उभे राहिले, असे त्यांनी रोजनिशीत नमूद केले. २५ तारखेस साराला कुटुंबाच्या भुयारी थडग्यात ठेवण्यासाठी स्यूअल स्वतः खाली उतरले. तेथे सासूसासऱ्यांच्या पेट्या होत्या. त्यांच्याजवळ त्यांच्या स्वतःच्या सहा मुलांच्या पेट्या होत्या. त्यांच्या संगतीत ते बराच वेळ राहिले.

सेलम येथे जे काही चुकले असेल त्याबद्दल ईश्वराची क्षमा मागण्यासाठी सरकारने १४ जानेवारी १६९७ हा दिवस उपवास व प्रार्थनेचा दिवस म्हणून जाहीर केला होता. सरकारी जाहीरनाम्यांत दोष नेहमी सर्वांचा असतो. म्हणजेच तो कोणाचाच नसतो. स्यूअल यांना हे पुरेसे वाटले नाही. त्यांनी घरी बसून एका कागदावर काही ओळी लिहिल्या.

त्या दिवशी बॉस्टनच्या दक्षिण चर्चमध्ये लोक जमले. सॅम्युएल विलर्ड हे तेथील पाळक होते. याच विलर्ड यांनी खटल्यांच्या दिवसांत छायेच्या पुराव्याविरुद्ध सावधगिरीचा इशारा दिला होता. ते व्यासपीठाकडे जात असता स्यूअल यांनी आपला कागद त्यांच्या हाती दिला. आपल्या दुःखासाठी किंवा आनंदासाठी सर्वांनी प्रार्थना करावी म्हणून अशी चिठ्ठी देण्याची तेथे पद्धत होती. पण ही चिठ्ठी निराळी होती. विलर्ड ती वाचू लागताच न्यायमूर्ती स्यूअल आपल्या जागी उठून उभे राहिले. सर्व शहर त्यांना ओळखत होते. त्यांचे शेजारी, त्यांच्याबरोबर व्यापार करणारे, त्यांच्यापुढे न्याय मागण्यास येणारे, सगळे पाहत होते आणि ते मान खाली घालून उभे होते.

त्या कागदात काय होते, ते नीट लक्षात घेण्यासारखे आहे. सेलम येथील न्यायालयामुळे जो दोष घडला, त्यात आपला वाटा आपल्याला ठाऊक असलेल्या इतर कोणाहीपेक्षा मोठा आहे, असे त्यांनी लिहिले होते. त्याबद्दलचा ठपका व त्याची लाज आपण आपल्यावर घेऊ इच्छितो, असे म्हटले होते. त्यांनी माणसांची क्षमा मागितली होती आणि ईश्वराने आपल्याला क्षमा करावी म्हणून सर्वांना प्रार्थना करण्याची विनंती केली होती. आपल्या पापाचे फळ आपल्या मुलांबाळांना किंवा या भूमीला भोगावे लागू नये व पुढे आपल्या हातून असे काही घडू नये, हेही मागितले होते. मुलींनी फसविले, पुरावा तसा होता, नऊ जणांत मी एक होतो, काळच तसा होता, अशी एकही सबब त्यात नव्हती. वाचन संपले, तेव्हा त्यांनी मान लववून नमन केले व ते खाली बसले.

घरातील मृत्यूंनी घाबरून त्यांनी हे केले, असे कोणी म्हणेल. त्यांच्या मनात भय होते, यात शंका नाही. त्यांनी स्वतःच तसे सुचविले आहे. परंतु भ्यालेला मनुष्य एकांतात, दार लावून, देवाचे पाय धरू शकतो. त्याने चारचौघांत उभे राहण्याचे काय कारण? याचे उत्तर त्यांच्या धर्मग्रंथात आहे. वेदीवर अर्पण घेऊन जाताना आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे हे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करावा, असे येशू ख्रिस्ताने डोंगरावरील प्रवचनात शिकविले आहे. जक्कय नावाच्या जकातदाराची गोष्टही त्यांना ठाऊक होती. ज्यांना आपण लुबाडले त्यांना चौपट परत देईन, असे त्याने येशूला भर लोकांत सांगितले होते. देवाकडे जाण्याची वाट दुखावलेल्या माणसाच्या दारावरून जाते, अशी ही शिकवण आहे. स्यूअल यांची अडचण अशी की, ज्यांची क्षमा मागावयाची त्यांपैकी वीस जण मरून गेले होते. प्राणाची चौपट परतफेड कोणत्या नाण्यांनी करावयाची?

त्यांच्या कागदात मेलेल्यांपैकी एकाचेही नाव नव्हते, ही उणीव मान्य केली पाहिजे. त्यांनी न्यायाधीशाचे पदही सोडले नाही. तरी त्या खास न्यायालयाच्या न्यायाधीशांपैकी अशी जाहीर क्षमा मागणारे ते एकटेच निघाले. विल्यम स्टॉटन यांनी अखेरपर्यंत आपली चूक कबूल केली नाही. त्याच वर्षी पंचांपैकी बारा जणांनी मात्र आपण भ्रमात पडलो होतो असे सह्यांनिशी लिहून दिले व मृतांच्या नातलगांची क्षमा मागितली. आणि इ. स. १७०६ मध्ये सेलम खेड्याच्या चर्चमध्ये एक तरुण स्त्री अशीच उभी राहिली व पाळकांनी तिचा कबुलीजबाब वाचला. तिचे नाव ॲन पुटनम. आरोप करणाऱ्या मुलींत ती आघाडीवर होती. त्या वेळी तिचे वय होते बारा वर्षे.

स्यूअल यांचे उरलेले आयुष्य आता आपण पाहू. त्या दिवसानंतर ते दरवर्षी एक दिवस उपवास करून आपल्या त्या दोषाचे स्मरण ठेवीत असत, असे सांगतात. पण केवळ उपवासावर ते थांबले नाहीत. बॉस्टनमध्ये त्या वेळी आफ्रिकेतून धरून आणलेल्या माणसांची उघड खरेदीविक्री होत असे आणि प्रतिष्ठित घरांतून गुलाम राबत असत. हा व्यापार स्यूअल यांना बरेच दिवस खटकत होता. इ. स. १७०० च्या जूनमध्ये अन्यायाने गुलामीत ठेवलेल्या एका काळ्या दांपत्याच्या सुटकेचा अर्ज त्यांच्यापुढे आला. त्यांनी लेखणी उचलली व काही दिवसांतच योसेफाच्या विक्रीवर एक लहानशी पुस्तिका छापून प्रसिद्ध केली. बायबलात योसेफ नावाच्या मुलाला त्याच्याच भावांनी वीस रुप्याच्या नाण्यांना विकल्याची कथा आहे. भावाला विकण्याचा अधिकार भावांना कोठून आला, असा स्यूअल यांचा प्रश्न होता. सर्व माणसे एकाच आदामाची लेकरे असल्यामुळे स्वातंत्र्यावर सर्वांचा सारखाच हक्क आहे, असे त्यांनी प्रतिपादन केले. काळ्या माणसांविषयीचे त्यांचे सगळेच विचार आज आपल्याला पटणार नाहीत; त्यांतही त्या काळचे पूर्वग्रह होते. तथापि न्यू इंग्लंडमध्ये गुलामगिरीविरुद्ध छापलेली ती पहिली पुस्तिका होय.

पुस्तिका अवघ्या तीन पानांची, पण तिने पुष्कळांच्या कपाळाला आठ्या पाडल्या. जॉन सॅफिन नावाच्या व्यापारी व न्यायाधीश असलेल्या गृहस्थाने तिला छापील उत्तर दिले. या सॅफिनने ॲडम नावाच्या आपल्या गुलामाला ठरावीक वर्षांनंतर मोकळे करण्याचे लेखी वचन दिले होते व मुदत संपल्यावर ते मोडले होते. ॲडम न्यायालयात गेला. खटला लांबत गेला; अखेर इ. स. १७०३ मध्ये ॲडमला त्याचे स्वातंत्र्य मिळाले. पुढे इ. स. १७१६ मध्ये कर आकारण्यासाठी काळ्या माणसांची व मूळ रहिवाशांची गणना घोडे व डुकरे यांच्याबरोबर करण्याची पद्धत बंद व्हावी म्हणून स्यूअल यांनी खटपट केली. तीत त्यांना यश आले नाही.

सेलमच्या मृतांच्या कुटुंबांनी अर्जामागून अर्ज केले. इ. स. १७११ मध्ये सरकारने बहुतेकांवरील कलंक काढून टाकला व वारसांना मिळून ५७८ पौंड १२ शिलिंग भरपाई दिली. इ. स. १७१८ मध्ये स्यूअल वसाहतीचे मुख्य न्यायाधीश झाले. वार्धक्याने थकल्यावर इ. स. १७२८ मध्ये त्यांनी ते पद सोडले व १ जानेवारी १७३० रोजी बॉस्टन येथे त्यांचा अंत झाला.

बॉस्टनमधील राज्य विधिमंडळाच्या प्रतिनिधिसभेत भिंतीवर राज्याच्या इतिहासातील प्रसंग रंगविलेले आहेत. अल्बर्ट हर्टर या चित्रकाराने इ. स. १९४२ मध्ये ही चित्रे काढली. त्यांत स्यूअल यांची जाहीर क्षमायाचना हा एक प्रसंग आहे. कायदे करणारे लोकप्रतिनिधी त्या चित्राखाली बसून काम करतात.

सेलम प्रकरणात दोषी ठरलेल्या एका स्त्रीचे नाव मात्र दोषमुक्तांच्या यादीत यावयाचे राहून गेले होते. तिचे नाव एलिझाबेथ जॉन्सन. जानेवारी १६९३ मध्ये स्यूअल ज्या न्यायालयावर होते त्याच न्यायालयाने तिला शिक्षा सुनावली होती. फाशी टळली, पण कलंक राहिला. तिला मुलेबाळे नव्हती, त्यामुळे तिच्यासाठी अर्ज करणारे कोणी उरले नव्हते. नॉर्थ अँडोव्हर येथील एका शाळेतील आठवीच्या विद्यार्थ्यांनी तिचे प्रकरण हाती घेतले. त्यांनी जुनी कागदपत्रे वाचली, लोकप्रतिनिधींना पत्रे लिहिली व चिकाटी सोडली नाही. अखेर इ. स. २०२२ च्या जुलै महिन्यात राज्याच्या अर्थसंकल्पाला जोडलेल्या तरतुदीने एलिझाबेथ जॉन्सन निर्दोष असल्याचे जाहीर झाले. तिला शिक्षा सुनावल्याला तेव्हा ३२९ वर्षे झाली होती.